लॅपटॉपमधून ठरावीक वेळाने तड-तड आवाज येतो, ऑनलाइन गाण्याच्या क्लासला फार त्रास होतोय, वायफायमुळे असेल का?

स्वरदा_कासारवडवली
सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहते, घरूनच शास्त्रीय गायनाचे क्लास घेते ऑनलाइन. सकाळी सहाला अमेरिकेतली मुलं असतात, संध्याकाळी इथली ठाण्यातली. गेले दोन महिने लॅपटॉपच्या आवाजाने अगदी जेरीस आले आहे, कृपया कोणाला माहिती असेल तर सांगा.

होतं काय की क्लास नीट चालू असतो आणि मधेच मुलांच्या बाजूला तड-तड-तड-तड असा आवाज जातो, चार-पाच सेकंद, मग बंद. मला हेडफोनमध्ये ऐकू येत नाही पण पालक सांगतात आणि रेकॉर्डिंग लावलं की स्पष्ट असतो. त्याशिवाय कधीकधी मला मुलांचा आवाज तुटक येतो, सा लावलाय का रे लावलाय कळत नाही, अर्धा स्वर गिळलेला असतो. आणि तिसरं म्हणजे मागे सारखा एक घूंऽऽ असा आवाज, बारीक आहे पण सतत आहे, पेटीच्या पांढरी पाचच्या (पांढऱ्या पट्ट्यांतल्या पाचव्या स्वराच्या) किंचित वर लागतो. माझी पट्टी पांढरी चार आहे, त्यामुळे हा घूं तंबोऱ्याच्या बाजूला बसून सगळं बेसूर करतो, कानाला फार त्रास होतो.

लॅपटॉप चार वर्षं जुना, विंडोज ११. माइक टेबलावरचा, साध्या साडेतीन एमएम पिनचा, वायर दोन मीटरची. ऐकायला ब्लूटूथ हेडफोन, आणि क्लास नसला की दोन छोटे वायरवाले स्पीकर आहेत ते लावते. राउटर हॉलमध्ये आहे, तो लांब नेऊन बघितला, ब्लूटूथ बंद करून बघितलं, ड्रायव्हर काढून परत टाकले. नौपाड्यात एका दुकानात दाखवला तर मदरबोर्डचा साउंडचा भाग गेलाय म्हणाले, साडेआठ हजार सांगितले. त्यांच्याकडे अर्धा तास चालू ठेवला तेव्हा मात्र एकदाही आवाज आला नाही. आमच्या टॉवरमध्ये वायफायची लिस्ट उघडली तर तीसच्या वर नावं दिसतात, म्हणून वाटतंय की कोणाच्या तरी वायफायचा त्रास असेल. साडेआठ हजार घालण्याआधी विचारावं म्हटलं.


रोहन_कोपरी
सोमवार, रात्री ११.३२

ताई साउंड ड्रायव्हर विंडोज अपडेटने येतो तो नका वापरू, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा डाउनलोड करा. नाहीच झालं तर बॅकअप घेऊन रिसेट मारा. माझ्या भावाचं असंच झालं होतं, रिसेटने गेलं.


रबाळे_गणेश
मंगळवार, सकाळी ७.४८

मला वाटतं हे हाय टेन्शन लाइनचं असेल, आमच्याकडे ट्रान्स-हार्बरच्या रुळाला लागून बिल्डिंग आहे, वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, रेडिओवर खरखर येते गाडी गेली की. तुमच्या बाजूला टॉवर लाइन आहे का ते बघा.


ऐरोली_रेडिओवाला
मंगळवार, सकाळी ९.०५

स्वरदाताई, अजून काही विकत घेऊ नका आणि रिसेटपण करू नका. मी बरीच वर्षं मोबाइल नेटवर्कच्या टेस्टिंगचं काम करतो, गाडीत लॅपटॉप आणि सहा-सात फोन घेऊन ठाणे ते पनवेल फिरायचं हेच काम, त्यामुळे हा तड-तड प्रकार ओळखीचा वाटतोय, पण खात्री केल्याशिवाय बोलत नाही.

पहिलं म्हणजे तुम्ही तीन आवाज लिहिलेत आणि मला ते तीन वेगळे आजार वाटतात. एकाच कारणाने तिन्ही होत असतील असं धरून शोधलं की काहीच जुळत नाही, म्हणून आत्ता फक्त तड-तड घेऊ, बाकीचे नंतर.

गणेशभाऊ, रेल्वेची तार ५० हर्ट्झची आहे, पँटोग्राफच्या, म्हणजे गाडीच्या टपावरच्या तारेला टेकणाऱ्या सांगाड्याच्या ठिणगीने रेडिओवर खरखर येते हे अगदी बरोबर, पण ती गाडीबरोबर येईल आणि गाडीबरोबर जाईल. कासारवडवलीला बाजूला रेल्वेचे रूळ नाहीत आणि आवाज चार-पाच सेकंदच आहे, त्यामुळे ते नसावं.

आता ताई मला एवढं सांगा, आवाज आला की घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा, मिनिटासकट, दोन दिवस तरी. रेकॉर्डिंग आहे म्हणालात तर त्यातूनही वेळा काढता येतील. क्लासच्या वेळी मोबाइल कुठे असतो, त्यात सिम किती आणि कोणाची ते सांगा. घूंऽऽ वाला आवाज चार्जर काढला की जातो का तेही बघा. आणि शेवटचं, दोन महिन्यांपूर्वी नेमकं काय बदललं? नवीन फोन, नवीन टेबल, नवीन सेटिंग, काहीही असू दे, क्षुल्लक वाटलं तरी सांगा.


स्वरदा_कासारवडवली
बुधवार, रात्री १०.२०

दादा, खूप आभार, एवढं कोणी विचारलंच नव्हतं. सगळं सांगते, जरा लांब होईल.

मोबाइल माझ्या टेबलावरच असतो, माइकच्या अगदी शेजारी, वीतभर पण नाही, कारण तंबोऱ्याचं अ‍ॅप त्यातच लावते. म्हणून मला आधी मोबाइलचाच संशय आला होता, आणि मी यजमानांच्या फोनवरून स्वतःला चार वेळा मिस्ड कॉल देऊन बघितला, रेकॉर्डिंग चालू ठेवून. काहीच आलं नाही, एकदम स्वच्छ. म्हणून मोबाइल सोडून दिला आणि वायफायच्या मागे लागले.

सिम दोन आहेत. एक जिओचं, सगळे मला त्याच नंबरवर फोन करतात. दुसरं जुनं, दुसऱ्या कंपनीचं, वीसेक वर्षं तोच नंबर आहे, बँकेचे ओटीपी त्यावर येतात आणि आई त्यावरच फोन करते कारण तिला तोच पाठ आहे.

वेळा अशा आल्या. मंगळवारी सकाळी ६.०७ ला, मग ७.०७ ला. क्लास साडेसातला संपला पण मी मुद्दाम रेकॉर्डिंग चालू ठेवलं, तर ८.०७ ला परत. मी घाबरलेच, एवढं घड्याळ लावून कसं काय येतंय. मग ८.३१ ला एकदा आला, जरा वेगळा, लहान. आणि त्यानंतर ९.०७ ला वाट बघत बसले तर आलाच नाही, ९.३१ ला आला. आज बुधवारी ६.४४, ७.४४. मेसेज बघितले तर मंगळवारी ८.३१ ला लाइट बिल भरायचा ओटीपी आलेला आहे.

लयपण मोजली मी, तबल्याच्या अ‍ॅपवर जुळवून बघितली. ती तड-तड मिनिटाला २५५ च्या आसपास बसते, आणि अगदी पक्की लय आहे, जरासुद्धा हलत नाही. वायफाय जर गर्दीमुळे अडकत असेल तर ते असं लयीत कसं अडकेल हा प्रश्न मलापण पडला.

अजून एक आठवलं, गेल्या महिन्यात आईचा फोन आला तेव्हा मी टेबलाशीच बसून बोलत होते आणि ते छोटे स्पीकर सलग झुंऽऽऽ करत होते, बोलणं संपेपर्यंत. तो सूर पांढरी सहाच्या थोडा खाली होता. लॅपटॉप तेव्हा शटडाऊन होता, नुसता स्पीकरचा दिवा लागलेला होता. तेव्हा लक्ष दिलं नाही.

चार्जर काढला की घूंऽऽ जातो, हो. आणि चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात ठेवला की निम्मा होतो. पत्र्यावर मनगट घासलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं कधीकधी.

दोन महिन्यांपूर्वी काय बदललं ते आधी आठवेना. आज आठवलं. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये नॉइज सप्रेशन असतं ते तंबोऱ्याला गोंगाट समजून खाऊन टाकायचं, मुलांना तंबोरा ऐकूच जायचा नाही, म्हणून एका पालकांनी मला ओरिजिनल साउंडची, म्हणजे आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवायची सेटिंग चालू करून दिली. तेव्हापासूनच आहे हे सगळं.


ऐरोली_रेडिओवाला
बुधवार, रात्री ११.४५

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी खुर्चीतून उठलो अक्षरशः. आमच्याकडे महागडं मशीन लावून जे काढतात ते तुम्ही कानाने आणि तबल्याच्या अ‍ॅपने काढलंत. लॅपटॉप ठणठणीत आहे, मदरबोर्डला हात लावू देऊ नका. तुमचं जुनं सिम २जी वर पडतंय आणि मोबाइल माइकच्या शेजारी आहे, तड-तड त्याची आहे. आधी नॉइज सप्रेशन ती गाळून टाकत असणार, ओरिजिनल साउंड चालू केल्यापासून ती मुलांपर्यंत जायला लागली.

जरा सविस्तर सांगतो कारण तुमच्या प्रत्येक निरीक्षणाला उत्तर आहे. २जी म्हणजे जीएसएममध्ये फोन सलग सिग्नल सोडत नाही, एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण वाटून घेतात, प्रत्येकाला ०.५७७ मिलिसेकंदाचा तुकडा. आठ तुकड्यांची एक फ्रेम, ती ४.६१५ मिलिसेकंदाची. म्हणजे फोन बोलताना सेकंदाला २१७ वेळा ट्रान्समीटर चालू-बंद करतो. ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल आपल्याला ऐकू येणार नाही, पण तो असा २१७ वेळा उघडझाप होतो आणि माइकच्या किंवा स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरला की तिथला ट्रान्झिस्टर डायोडसारखं वागतो, रेडिओ लहर गाळतो आणि उघडझाप तेवढी उरते. ती २१७ हर्ट्झ. पांढरी सहा म्हणजे २२० हर्ट्झ, २१७ म्हणजे तिच्या किंचित खाली. तुम्ही नेमकं तेच लिहिलंत.

आईच्या फोनला सलग झुंऽऽ आणि एरवी तड-तड का? कारण बोलणं चालू असताना जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये पाठवावं लागतं. पण नुसती नेटवर्कशी दोन शब्दांची देवाणघेवाण असेल, मेसेज घेणं किंवा मी इथे आहे अशी हजेरी लावणं, तर ५१ फ्रेमांच्या फेऱ्यात चारच फ्रेमा फोनला मिळतात. ५१ फ्रेमा म्हणजे २३५ मिलिसेकंद. मिनिटाचा हिशोब केला तर २५५ फेरे. तुमची लय!

आता दर तासाला का. फोन नुसता पडून असला तरी त्याला ठरावीक वेळाने नेटवर्कला हजेरी द्यावी लागते, नाहीतर नेटवर्क समजतं की हा फोन बंद झाला किंवा बाहेर गेला. किती वेळाने द्यायची ते कंपनी ठरवते, सहा-सहा मिनिटांच्या पटीत. तुमच्याकडे ती एक तास दिसतेय. आणि मधे कॉल किंवा मेसेज आला तर तेव्हाच बोलणं झालं, म्हणून घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं. ८.३१ चा ओटीपी आणि मग ९.३१, याहून पक्का पुरावा नाही.

मिस्ड कॉलने का सापडलं नाही तेही आता कळलं असेल. तुम्ही जिओच्या नंबरवर दिलात. जिओकडे २जी नेटवर्कच नाही, कॉल ४जी वरून किंवा ५जी वरून जातो, त्यात असं फ्रेमला एकदा ठोका मारणं नसतं आणि फोनची कमाल ताकदही पाव वॅटच्या आसपास. २जी मध्ये ९०० ला तो ठोका दोन वॅटपर्यंत जातो. आणि सिग्नल जितका कमी तितका फोन जोर लावतो. तुमची क्लासची खोली कुठल्या बाजूला आहे? येऊरच्या डोंगराकडे असेल तर तिथे जुन्या सिमला एखादाच दांडा येत असणार. दुकानात आवाज आला नाही तो याचमुळे, तुमचा मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी ठेवला नव्हता आणि नौपाड्यात सिग्नल भरपूर असतो.

उपाय साधा आहे. तंबोऱ्याचं अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालत असेल तर क्लासला बसताना फोन फ्लाइट मोडवर टाका आणि हवं तर त्यावर नुसतं वायफाय चालू करा, व्हॉट्सअ‍ॅप चालू राहील. किंवा फोन दोन मीटर लांब ठेवा. पहिल्या वीतभरातून दोन मीटरवर गेलात की फरक प्रचंड पडतो. एक तपासणी मात्र आधी करा, यजमानांना सांगा की जुन्या नंबरवर फोन लावा आणि स्पीकर चालू ठेवा. रिंग वाजायच्या दोन-तीन सेकंद आधी तड-तड आलं पाहिजे.


रोहन_कोपरी
गुरुवार, सकाळी ८.१५

ऐरोलीवाले दादा भारी समजावलंत. मी रिसेट सांगितलं ते चुकीचं होतं, सॉरी ताई. स्पीकर लॅपटॉप बंद असताना वाजले हे आधी कळलं असतं तर बोललोच नसतो.
दादा एक विचारायचं होतं, सेटिंगमधून २जी बंदच करून टाकलं तर?


ऐरोली_रेडिओवाला
गुरुवार, सकाळी ८.५०

करता येतं. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करायचं बटण आहे. पण ताईंसाठी आधी हे बघायला हवं की त्या जुन्या सिमवर व्होएलटीई, म्हणजे ४जी वरून कॉल करायची सोय चालू आहे का, नसेल तर २जी बंद केलं की त्या नंबरवर कॉल येणारच नाहीत आणि त्यांच्या आईंचा फोन त्यावर येतो. सिम जर खूप जुनं असेल तर ४जी चं बदलून घ्या दुकानातून, नंबर तोच राहतो. मग सेटिंगमध्ये व्होएलटीई चालू करा, आईंना एक फोन करायला सांगून खात्री करा, आणि मगच २जी बंद करा. याच क्रमाने.


कळवा_हॅम
गुरुवार, दुपारी २.३०

थोडं उशिरा वाचतोय. मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेने वायरलेस सेट चालवणारा, पारसिकच्या पायथ्याशी घर, माझ्याच १४५ मेगाहर्ट्झच्या सेटने माझ्याच घरातला होम थिएटर बोलायला लागायचा म्हणून या विषयात बरेच हात पोळलेत. वरच्या तड-तडच्या निदानाशी शंभर टक्के सहमत. फक्त दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

लोक यावर फेराइटचे मणी सुचवतात, वायरला लावायचे ते काळे गोळे. माझ्या १४५ ला ते उपयोगी पडतात, वायर तीन-चार वेढे देऊन घातली तर खूपच. पण ९०० मेगाहर्ट्झला साध्या गोळ्याचा भरवसा धरू नका. तिथे लहरीची लांबी ३३ सेंटीमीटर, म्हणजे आठ-नऊ सेंटीमीटरची वायरसुद्धा उत्तम अँटेना होते आणि ताईंची तर दोन मीटरची आहे. अंतर हाच खरा इलाज. पुढे कधी माइक बदललात तर साध्या पिनचा घेऊ नका, तीन पिनांचा एक्सएलआर माइक आणि यूएसबीचा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या. त्यात दोन तारांवर उलटसुलट तोच आवाज जातो आणि बाहेरून आलेला घूं दोन्हीवर सारखाच असल्यामुळे वजा होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन बघितलंत तर चांगली शील्डची केबलपण मिळेल.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती आवाजापुरती नाही. ताई, ते मुंग्या येणं आणि पत्र्याला हात लावल्यावर घूं कमी होणं, याचा अर्थ तुमच्या लॅपटॉपला अर्थिंग मिळत नाहीये. चार्जरच्या आत मेन लाइन आणि आउटपुटच्या मधे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी थोडा करंट पत्र्यावर येतो, अर्थ असेल तर तो गुपचूप निघून जातो, नसेल तर तुमच्या मनगटातून आणि माइकच्या वायरमधून वाट काढतो. म्हणून ५० हर्ट्झचा हम आणि त्याचे पटीतले सूर. छोट्या माइकला आणि स्पीकरला ५० फारसा कळत नाही, १०० ठळक लागतो. पांढरी पाच तिकडे खाली ९८ ला आहे, १०० तिच्या जरा वर. तुमच्या कानाला नमस्कार.

चार्जरची पिन तीन पायांची आहे का बघा, असेल तर मधे दोन पायांचं कन्व्हर्टर किंवा स्वस्तातलं एक्स्टेंशन बोर्ड लावलंय का ते बघा. पुष्कळ बोर्डात तिसरं भोक असतं पण आत हिरवी वायरच नसते. भिंतीच्या सॉकेटला थेट लावून बघा, तिथेही घूं आला तर वायरमनला बोलावून त्या पॉइंटचं अर्थिंग मोजून घ्या. हे टाळू नका, गीझर आणि वॉशिंग मशीनच्या पॉइंटचंही त्याच वेळी बघून घ्या. आणि कोणी सांगितलं की अर्थची पिन कापून टाक, हम जातो, तर ऐकू नका. तो उपाय जीवावर बेतू शकतो.


नेरुळ_प्रथमेश
गुरुवार, रात्री ९.१०

माझी केस जरा वेगळी आहे पण वायफायचा विषय निघालाय म्हणून सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. मला यूट्यूब बघताना कट्-कट् कट्-कट् यायचं, लयबिय काही नाही, कधीही, आणि वायफाय बंद केलं की थांबायचं. मी पण समजलो हवेतला इंटरफेरन्स आहे. सेक्टरमधल्या सगळ्यांच्या राउटरला दोष देऊन झाला. शेवटी लेटन्सीमॉन नावाचं फ्री सॉफ्टवेअर लावलं तर कळलं की वायफाय कार्डाचा ड्रायव्हरच प्रोसेसरला अडवून बसत होता. विंडोज आवाजाचं पुढचं पान साधारण दर १० मिलिसेकंदाला भरतं, तेवढ्यात दुसऱ्या कोणी प्रोसेसर सोडला नाही की पान कोरं जातं आणि कट् ऐकू येतं. म्हणजे कारण वायफायच, पण रेडिओ लहरी नाही, सॉफ्टवेअर. कार्डाचा ड्रायव्हर एक व्हर्जन मागे नेला आणि पॉवर सेव्हिंग बंद केलं, मग थांबलं.

ताईंचं हेडफोनमध्ये तुटक येतं ते असं असू शकतं का?


ऐरोली_रेडिओवाला
गुरुवार, रात्री ९.५५

असू शकतं, लेटन्सीमॉन लावून बघायला हरकत नाही, पण माझा पहिला संशय दुसरीकडे आहे. ताई, तुटक येतं तेव्हा लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला असतो का? निळ्या रंगाच्या यूएसबी पोर्टात? ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारत चालतं, त्यामुळे शेजाऱ्यांची तीस वायफाय असली तरी ते मोकळी जागा शोधून बऱ्यापैकी निभावतं. पण यूएसबी ३ चा डेटा पाच गिगाबिटने जातो आणि त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यावर पसरतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. डिस्कची केबल स्वस्तातली असेल आणि ब्लूटूथचा अँटेना त्याच बाजूला असेल तर ब्लूटूथला पळायला जागाच राहत नाही.


स्वरदा_कासारवडवली
रविवार, सायंकाळी ७.४०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, शुक्रवार-शनिवार क्लास आणि त्यात मुलांच्या परीक्षेची तयारी होती. आता सगळं करून बघितलंय म्हणून लिहिते.

गुरुवारी रात्रीच यजमानांना जुन्या नंबरवर फोन लावायला सांगितला. आधी तड-तड, तड-तड, आणि मग रिंग. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. परत लावला, परत तसंच. मग तोच फोन हातात घेऊन खोलीतून हळूहळू दाराकडे गेले, दारापर्यंत पोचेपर्यंत आवाज जवळजवळ संपलेला होता. खोली येऊरच्याच बाजूला आहे दादा, आणि जुन्या सिमला तिथे एकच दांडा असतो, कधी तोही नाही. स्क्रीनवर बारीक अक्षरात ई, म्हणजे २जीची खूण दिसते तिच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

शुक्रवारपासून क्लासला फ्लाइट मोड. तंबोरा नेटशिवाय चालतो. तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ मिळून अकरा तासांचं रेकॉर्डिंग झालंय, एकदाही तड-तड नाही. सिम बदलायला काल गेले होते, नवीन मिळालं, व्होएलटीई चालू झालं, आईचा फोन त्यावर आला आणि स्पीकर गप्प. मग २जी बंद केलं. तुम्ही क्रम सांगितला म्हणून बरं झालं, मी आधी बटणच बंद करणार होते आणि आईचा फोन लागला नसता तर ती काळजीने बसली असती तिकडे.

तुटक आवाजाचंही बरोबर निघालं. संध्याकाळच्या क्लासला मी आदल्या रेकॉर्डिंगचा बॅकअप डिस्कवर टाकायला लावून ठेवते, वेळ वाचतो म्हणून. सकाळी डिस्क नसते आणि सकाळी तुटक येत नाही. हे माझ्या डोळ्यासमोर होतं. डिस्क काढली की आवाज सरळ, लावली की गिळायला लागतो. आता बॅकअप रात्री लावते.

घूंऽऽ चं काम मात्र अर्धंच झालंय. एक्स्टेंशन बोर्ड यजमानांनी उघडला, कळव्याच्या दादांनी लिहिलं तसंच, तिसऱ्या भोकाला आत वायरच नाही. भिंतीला थेट लावल्यावर मुंग्या गेल्या, घूं पुष्कळ कमी झाला पण अजून थोडा आहे, कान लावला की पांढरी पाचच्या वर सापडतो. वायरमन मंगळवारी येतोय. त्याला नेमकं काय मोजायला सांगू? साधा टेस्टर लावून ठीक आहे म्हणाला तर मला कसं कळणार?


कळवा_हॅम
रविवार, रात्री ८.२५

साध्या टेस्टरने अर्थ कळत नाही ताई, त्याला मल्टीमीटर आणायला सांगा आणि तुमच्या समोर मोजायला लावा. त्याच सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्ही व्होल्टेज जवळजवळ सारखे आले पाहिजेत, २३० च्या आसपास. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर यायला नको. फेज ते अर्थ जर शंभर-दीडशे असं काहीतरी अर्धवट आलं तर त्या पॉइंटची अर्थ वायर मधे कुठेतरी तुटलेली किंवा ढिली आहे. मल्टीमीटरवर ठीक आलं तरी बल्ब होल्डरला दोन वायरी लावून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा, पूर्ण उजेड पडला पाहिजे. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावल्यावर ते ट्रिप होईल, म्हणजे ते काम करतंय, घाबरू नका. आणि हे बल्बचं काम त्यालाच करू द्या, घरच्यांनी कोणी हात लावायचा नाही.

वायरिंग नीट निघालं आणि तरी घूं राहिला तर क्लासपुरता चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बॅटरी दीड तास टिकते का सांगा, नाहीतर पुढचं बघू.


स्वरदा_कासारवडवली
रविवार, रात्री ८.४०

एक तास दहा मिनिटं टिकते, संध्याकाळचा क्लास एक तासाचा आहे. मंगळवारी मोजून झालं की आकडे इथे टाकते.